चिरुटाची चाल

ज्यास सिगारेट ओढता येते त्यास चिरूटही ओढता येईल, हा समज आम्हां वकिलांच्या भाषेत सांगावयाचे तर पुराव्यावाचूनचे विधान होय. सिगारेट ही घाईच्या माणसाची; चिरूट सवड मागतो. त्याचे नाव तमिळातील, गुंडाळी सुचविणाऱ्या शब्दापासून आलेले. आणि तंबाखू तर पोर्तुगीजांबरोबर आमच्या किनाऱ्यावर उतरली.

चिरुटाची चाल आम्ही अनुभवांती ठरविली आहे: मिनिटास एक झुरका. त्याहून त्वरा केली की निखारा तापतो, पानांतील सुगंध दरवळण्याऐवजी जळून जातो आणि जिभेवर कडवटपणा तेवढा उरतो. फारच रेंगाळावे तर चिरूट विझतो, व पुन्हा पेटविताच कोंडलेल्या धुराचा शिळा वास प्रथम भेटतो. राखही वारंवार झटकू नये. बोटाच्या पेराएवढी राहू द्यावी. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात धूर उष्ण व उग्र होतो. तेथे गती अधिकच मंद करावी, आणि चव गेली की चिरूट रक्षापात्रात निमूट ठेवून द्यावा. तो आपसूक विझतो. चुरडल्यास मात्र दुर्गंधी सुटते.

उलटतपासणीचे शास्त्रही हेच. प्रश्नांचा भडिमार केला की साक्षीदार तापतो; दोन प्रश्नांत फार अंतर पडले की तो सावरतो. हे ज्यांनी आम्हांस शिकविले, त्या आमच्या ज्येष्ठ वकीलसाहेबांचा नेम दिवसाकाठी चार चिरुटांचा होता. धूर छातीत घेत नसल्यामुळे ते निर्धास्त असत. परंतु तोंडाच्या कर्करोगास छातीची वाट लागत नाही. अखेरच्या वर्षी त्यांची वाचा गेली. वकिलाची वाचा जाणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको.

तेव्हापासून आम्ही वर्षाकाठी दोनच चिरूट ओढतो. एक उन्हाळी सुट्टीत, एक नाताळात. सार्वजनिक जागी धूम्रपानास २००८ सालापासून देशभर बंदी आहे. आम्ही घरच्या परसात, मुलांपासून दूर बसतो. दोन चिरूट निर्दोष, असा आमचा दावा नाही; तंबाखूची निर्धोक मात्रा नसते, हे आम्ही जाणून आहो. मात्र त्या तासाभरात मिनिटामिनिटाने थांबण्याची जी सवय जडली, ती सोडवत नाही. गेल्या नाताळात तर तासभर परसात बसून उठलो, तेव्हा चिरूट पेटीतच होता. उणे काही वाटले नाही.