घर चालवण्याची विद्या

घर चालवायला शिकावे लागते का, असा प्रश्न मी दवाखान्यात विचारला, तर बहुतेक जण हसतील. ही विद्या आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे आपोआप येते, अशी आपली समजूत आहे. घरातली माणसे धडधाकट असतात तोवर ती समजूत खपूनही जाते. परंतु एखादे माणूस अंथरुणाला खिळले, दिवसाकाठी औषधांच्या सहा वेळा झाल्या, पथ्याचा स्वयंपाक वेगळा होऊ लागला, की तीच घरे डळमळताना मी पाहिली आहेत. रुग्ण स्थिरावतो आणि दोन महिन्यांनी त्याला सांभाळणारी सून, मुलगी किंवा सत्तरीची पत्नी पाठदुखी, वाढलेला रक्तदाब आणि उडालेली झोप घेऊन माझ्यासमोर बसते. तिला मी गोळ्या देतो. मात्र तिच्या दुखण्यावरचा खरा उपाय औषधशास्त्राच्या पुस्तकात नसतो. तो मला सापडला माझ्या आत्याच्या विद्यार्थिदशेत. म्हणून आज तिच्या शिक्षणाविषयी लिहितो.

आत्याने साठच्या दशकात बडोद्याला गृहविज्ञानाची पदवी घेतली. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या कुलगुरू होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५० मध्ये, तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा सुरू झाली. दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज त्याआधीच, १९३२ पासून, हा विषय शिकवत होते. तरीही आत्याने प्रवेश घेतला तेव्हा नातलगांनी विचारलेच, "पोळ्या लाटायला कॉलेज कशाला? पदवी घेऊनही शेवटी भांडीच घासायची ना!" या बोलण्याला आत्याने तेव्हा उत्तर दिले नाही. तिच्या म्हणण्यानुसार, पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभे राहून राहून पाय इतके दुखत, की वाद घालायला बळच उरत नसे.

कारण त्या अभ्यासक्रमात पोळ्या शेवटी येत. आधी येई अन्नातील प्रथिनांचे आणि क्षारांचे रसायन, दूध का नासते याचे सूक्ष्मजीवशास्त्र, कापडाच्या धाग्यांची पारख, मुलांच्या वाढीचा अभ्यास आणि हिशेब. या विद्येचा पायाच मुळी प्रयोगशाळेत घातला गेला आहे. अमेरिकेत १८९९ साली लेक प्लॅसिड येथे ज्या परिषदेतून गृहअर्थशास्त्राला विषय म्हणून आकार आला, तिच्या अग्रणी एलन स्वॉलो रिचर्ड्‌स या रसायनशास्त्रज्ञ होत्या. पाण्याच्या शुद्धतेवर काम करणारी ही बाई स्वयंपाकघराकडेही त्याच नजरेने पाहत होती.

आत्या सर्वाधिक रंगून सांगते ते मात्र 'गृहव्यवस्थापन निवासा'बद्दल. काही आठवडे पाच-सहा मुलींनी एका घरात राहायचे आणि ते घर चालवून दाखवायचे. पैसे ठरावीक. प्रत्येकीकडे आळीपाळीने एक भूमिका येई: कोणी स्वयंपाक करी, कोणी तिची मदतनीस असे, कोणाकडे झाडलोट, कोणाकडे कपडे, कोणाकडे पाहुण्यांची सरबराई, आणि एक जण व्यवस्थापिका. पहाटे पाचला स्टोव्ह पेटे. आहाराचा तक्ता आदल्या दिवशी लिहून ठेवावा लागे. दर माणशी किती प्रथिने, किती लोह, किती खर्च, हे सारे त्यात असे. गुजराती मैत्रिणीला डाळीत गूळ हवा आणि आत्याला आमटीत गोडा मसाला. दोघींचे समाधान त्याच खर्चात करायचे. रात्री हिशेब नव्या पैशापर्यंत जुळला नाही तर झोप नाही.

तुम्हाला वाटेल, यात सर्वांत कठीण भूमिका स्वयंपाकिणीची असेल. आत्या म्हणते, कठीण होती ती व्यवस्थापिकेची. कारण त्या दिवसांत तिने इतरांच्या कामाला हात लावायचा नसे. दूध उतू जाताना दिसले तरी धावायचे नाही. ते का उतू गेले, ती मुलगी त्या क्षणी कुठे होती, तिच्याकडे एकाच वेळी किती कामे होती, हे पाहायचे आणि टिपून ठेवायचे. लहानपणापासून "उठ, हात चालव" हेच ऐकत आलेल्या मुलींना ही शिक्षाच वाटे. शिकवण्याचा गाभा मात्र तोच होता. काम करणे वेगळे आणि कामाची व्यवस्था लावणे वेगळे, हा भेद त्यांना तेथे कळला.

व्यवस्था लावण्याची साधनेही साधीच होती. पुठ्ठ्यावर स्वयंपाकघराचा नकाशा काढायचा. ओटा, मोरी, पाण्याचा माठ, फडताळ अशा प्रत्येक जागी टाचणी टोचायची. मग एक जण प्रत्यक्ष काम करी आणि दुसरी तिच्या प्रत्येक फेरीगणिक या टाचणीवरून त्या टाचणीवर दोरा गुंडाळत जाई. काम संपले की दोरा सोडवून मोजायचा. एका माणसाच्या चहासाठी दोऱ्याची केवढी लांबी खर्ची पडली, हे पाहून मुली अवाक होत. मग चहा-साखरेचे डबे ओट्याजवळ आणायचे, पुन्हा दोरा मोजायचा. याच पद्धतीने कारखान्यांतील हालचालींचा अभ्यास करणाऱ्या लिलियन गिलब्रेथ या अभियंता विदुषीने पुढे स्वयंपाकघरांकडे लक्ष वळवले, आणि १९४० च्या दशकात हृदयविकाराच्या रुग्ण असलेल्या गृहिणींना कमी श्रमांत काम करता यावे अशी स्वयंपाकघराची मांडणी सुचवली. हृदयरुग्णाला "दगदग करू नका" एवढेच सांगून आम्ही डॉक्टर थांबतो. दगदग नेमकी कोठून येते, हे तिने मोजून दाखवले.

त्या निवासातील एक प्रसंग आत्या नेहमी सांगते. घरी चार पाहुणे जेवायला यायचे होते आणि त्याच सकाळी व्यवस्थापिका तापाने फणफणली. तिची वही दुसरीच्या हाती गेली. कोणती भाजी आणली आहे, दुधाचे पैसे दिले की नाही, कोणत्या पाहुण्याला तिखट चालत नाही, सारे त्या वहीत होते. पाहुणे जेवून तृप्त होऊन गेले. घरात आजारपण आहे, हे त्यांना निघताना कळले. बाईंनी त्या दिवसाचे चांगले गुण दिले ते तापाने निजलेल्या मुलीला. तिच्यावाचून घर चालले, यातच तिचे कौशल्य होते.

बारा वर्षांपूर्वी माझ्या आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. रुग्णालयातून घरी आणल्यावर मदतीला आत्या आली. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात औषधाची मात्रा शिकवतात. ती गोळी कपाटातून रुग्णाच्या तोंडापर्यंत कशी पोहोचते, हे शिकवत नाहीत. आत्याला तेच शिकवले होते. पहिले दोन दिवस ती नुसती खुर्चीवर बसून होती. माझी पत्नी स्वयंपाकघर, आईची खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये दिवसभर ये-जा करत होती, आणि आत्या वहीत रेघा ओढत होती. तिसऱ्या दिवशी ती पत्नीला म्हणाली, "अगं, एकटीने सेवा करत राहिलीस तर महिन्याभरात तूही आडवी होशील. आधी व्यवस्था लावू."

अंग पुसण्याचे सगळे सामान एका टोपलीत आले आणि टोपली पलंगाखाली. पाणी, पेला, औषधांची पेटी पलंगाशेजारच्या फळीवर, आईच्या चांगल्या हाताच्या बाजूला. पलंगाखाली ठोकळे घालून त्याची उंची वाढवली; त्यामुळे कूस बदलताना पत्नीला कमरेत वाकावे लागेना. दर दोन तासांनी कूस बदलायची होती. रात्रीच्या वेळा माझ्याकडे आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांकडे वही सोपवली: औषध कधी दिले, किती खाल्ले, लघवी किती वेळा झाली, सारे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. काय करावे हे न कळून दारात घुटमळणारे माझे वडील त्या वहीमुळे पुन्हा घरातले कर्ते पुरुष झाले. नाशिकच्या भावाने औषधांचा साठा आणि बिले लांबूनच सांभाळली. आणि ताट पुढे घेऊन डाव्या हाताने तांदूळ निवडण्याचे काम आत्याने खुद्द आईला दिले. रुग्ण हीसुद्धा घरातली एक शक्ती आहे, असे ती म्हणे.

या विद्येला मर्यादा आहेत, हेही सांगायला हवे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९१९ पासून गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींच्या निवासात अनाथालयांतून वगैरे आणलेली खरी तान्ही बाळे सरावासाठी ठेवत. मुली पाळीपाळीने त्यांच्या आया होत. बाळांची वजने उत्तम वाढत, नोंदी चोख असत. पुढे बालमानसशास्त्राने दाखवून दिले की मुलाला एक ओळखीचा, टिकून राहणारा चेहरा लागतो. १९६९ मध्ये ही प्रथा बंद झाली. वृद्धांचेही असेच असते. आमच्या घरी सर्व कामे वाटली गेली, परंतु सकाळी आईची वेणी घालण्याचे काम कधीच वाटले गेले नाही. ते माझ्या पत्नीचेच राहिले. आईला तोच हात हवा असे.

आपल्या घरी कोणी दीर्घकाळ आजारी असेल, तर एवढे करून पाहा. एक आठवडा दिवसातील प्रत्येक काम, त्याची वेळ आणि ते करणाऱ्याचे नाव कागदावर लिहा. एकाच नावाची रांग दिसली, तर तेथे धोका आहे असे समजा. औषधे, त्यांच्या वेळा, डॉक्टरांचे आणि शेजाऱ्यांचे दूरध्वनी, पथ्य आणि रुग्णाच्या आवडीनिवडी एका वहीत उतरवा. ती वही सर्वांना सापडेल अशी ठेवा. वारंवार लागणाऱ्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर आणा. वृद्धांनी स्टुलावर चढून डबा काढण्याची वेळ येऊ देऊ नका. पगारी मदतनीस असेल तर तिलाही ती वही वाचून दाखवा आणि तिचे निरीक्षण तीत लिहून घ्या. सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या सुट्टीचे तास त्याच तक्त्यात मांडा, औषधाच्या वेळेइतक्याच काटेकोरपणे. ज्येष्ठ वाचकांनी "मला काय कळते" असे म्हणून दूर बसू नये. वही आपल्या हाती घ्यावी.

गृहविज्ञानाची नावे आता बदलली आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातील महाविद्यालय 'सामुदायिक विज्ञान' या नावाने ओळखले जाते. बडोद्याची विद्याशाखाही कुटुंब आणि समाज यांची विज्ञाने असे नाव लावते. 'पोळ्या लाटायला कॉलेज कशाला' असे विचारणारे आजही भेटतात. त्यांच्या घरी पलंग आला, की त्यांना उत्तर मिळते.

आणि ज्या वाचक भगिनी-बंधूंच्या खांद्यावर आज एखाद्या रुग्णाचा भार आहे, त्यांना माझा एकच प्रश्न. उद्या सकाळी तुम्हालाच ताप आला, तर आठ वाजताची गोळी कोण देईल, आणि ती कोठे ठेवली आहे हे त्याला ठाऊक आहे का? या रविवारी घरातल्या एका माणसाला जवळ बसवून ते दाखवून ठेवा.