उद्यानातील बाक

इटलीतील तुरीन शहरात पो नदीकाठी व्हॅलेंटिनो नावाचे एक उद्यान आहे. १९१८ सालच्या कडाक्याच्या हिवाळ्यात तेथील एका बाकावर वीस वर्षांचा एक तरुण रडत बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील आणि थोरला भाऊ, दोघेही आजाराने दगावले होते. सैन्यात खेचरांना नाल ठोकण्याचे काम करून तो परतला होता. ‘फियाट’ या मोटार कारखान्यात त्याने नोकरी मागितली. ती मिळाली नाही. त्या तरुणाचे नाव होते एन्झो फेरारी.

पुढे ‘आल्फा रोमिओ’ कंपनीच्या मोटारी त्याने शर्यतीत चालवल्या. १९२९ मध्ये फेरारी यांनी स्वतःचा संघ उभारला आणि त्याला ‘स्कुदेरिया’, म्हणजे पागा, असे नाव दिले. स्वतः बनवलेली, स्वतःच्या नावाची मोटार मात्र ११ मे १९४७ रोजी पिआचेन्झा येथे प्रथम धावली. आघाडीवर असतानाच इंधनाचा पंप बिघडला आणि ती थांबली. दोनच आठवड्यांनी रोममध्ये तिने पहिला विजय मिळवला. त्याच वर्षी शरद ऋतूत तुरीनच्या त्याच उद्यानातील शर्यतही फेरारी मोटारीनेच जिंकली. तेव्हा फेरारी जुन्या बाकावर जाऊन बसले आणि पुन्हा रडले.

शर्यतींचा खर्च भागावा म्हणून ते धनिकांना आलिशान मोटारी विकत. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे त्यांच्या मोटारीने ‘आल्फा रोमिओ’ला हरवले, तेव्हा आपण आपल्या आईलाच मारले, अशी अपराधी भावना त्यांना झाली. १९५६ मध्ये तरुण मुलगा दिनो आजाराने गेला. पुढच्याच वर्षी ‘मिल्ले मिल्या’ या सार्वजनिक रस्त्यांवरील शर्यतीत त्यांच्या एका मोटारीचा टायर फुटला. दोन्ही स्पर्धकांसह नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच मुले होती. फेरारींवर खटला चालला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायालयाने दोष पुसला, ती मुले परत आली नाहीत.

उतारवयात फेरारी शर्यती पाहायला क्वचितच जात. १९८८ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते निवर्तले. २०२३ मध्ये ‘ल मां’ येथील चोवीस तासांची शर्यत त्यांच्या कंपनीने ५८ वर्षांनी पुन्हा जिंकली. विजयांच्या यादीत आणखी एक साल वाढले. त्या यादीत बाकावरील त्या हिवाळ्याची नोंद नाही आणि त्या पाच मुलांचीही नाही.