पुस्तकाचे देणे

पावसाळ्याच्या तोंडी धर्मग्रामाच्या सभागृहातील पुस्तकांचे कपाट उघडले, तेव्हा खालच्या दोन फळ्या वाळवीने फस्त केलेल्या आढळल्या. वरच्या फळ्यांवर नोव्हेनांच्या पुस्तिका, जुन्या मासिकांचे विस्कळीत अंक, रौप्यमहोत्सवांच्या स्मरणिका आणि वाळवीलाही ज्यांची गोडी लागली नाही असे काही प्रवचनसंग्रह शिल्लक होते. त्यांतील एक संग्रह आम्हीच पूर्वी कोणाकोणाला आग्रहाने वाचावयास सांगितला होता. त्याची पाने अद्याप एकमेकांना चिकटलेली होती.

नवी पुस्तके घ्यावयाची असे पॅरिश कौन्सिलमध्ये ठरले. कोणती घ्यावीत हे मात्र ठरेना. तेव्हा कौन्सिलवरील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सुचविले की रविवारच्या मिस्सानंतर दारात एक पेटी ठेवावी आणि प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावे लिहून टाकावीत. एक लहानांसाठी, एक मोठ्यांसाठी. बाईंनी एक अटही घातली. “फादर, ‘चांगली पुस्तके सुचवा’ असे वेदीवरून सांगू नका. मग सगळे तुम्हांला आवडतील तीच नावे लिहितील. ‘स्वतः वाचलेले आणि आवडलेले लिहा’ असे सांगा.”

आम्ही तसेच सांगितले. तरीही पहिल्या मूठभर चिठ्ठ्यांवर ‘पवित्र शास्त्र’ हेच नाव निघाले. ते लिहिणाऱ्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे पाप आम्ही करणार नाही. परंतु चिठ्ठी कोणाच्या हाती पडणार आहे याचेही भान त्या भक्तीत थोडे मिसळले असावे. एकाने मात्र स्पष्टपणे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ असे लिहिले होते आणि पुढे ‘टिपांसाठी’ असा शेराही मारला होता. साहित्य अकादमीचा २०१३ सालचा अनुवाद पुरस्कार लाभलेल्या त्या ग्रंथाची प्रत या घरात खरोखर उघडली जाते, याबद्दल त्या एका शब्दाने आमची खात्री पटली.

लहानांसाठी ‘श्यामची आई’ हे नाव अपेक्षेप्रमाणे वारंवार आले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक आम्हांलाही प्रिय आहे. तथापि ते मुलाच्या हाती देऊन “वाच आणि सुधार” असे बजावण्याची जी रीत पडली आहे, ती काही आम्हांस रुचत नाही. श्याम आपल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र गोष्ट सांगत जातो, अशी त्या पुस्तकाची रचनाच आहे. ते घरातील मोठ्याने मोठ्याने वाचावे, एका रात्री एक प्रकरण, आणि वाचताना त्या मोठ्याचाच कंठ दाटून यावा. मुलाने रडलेच पाहिजे अशी अपेक्षा कशाला?

एका चिठ्ठीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. अक्षर शाळकरी मुलीचे, ‘चित्रे’ या शब्दातला ‘त्र’ खोडून दोनदा लिहिलेला. मोठ्यांसाठी म्हणून ‘स्मृतिचित्रे’. चौकशी करता कळले की चिठ्ठी आजीची आणि लेखणी नातीची. आजींची दृष्टी गेल्या काही वर्षांत अधू झाली आहे. नात इंग्रजी माध्यमात शिकते. तिला मराठी अक्षरे जुळविता येतात, पण शब्द कळत नाहीत. आजींना शब्द कळतात, पण अक्षरे दिसत नाहीत. दोघी मिळून संध्याकाळच्या रोझरीनंतर रोज दोन पाने पुढे सरकतात. लक्ष्मीबाई टिळकांनाही लिहावाचावयास शिकविले ते लग्नानंतर त्यांच्या पतीने, ही गोष्ट नातीला फार गमतीची वाटली, असे आजींनी आम्हांला सांगितले.

सेमिनरीत असताना कोणीतरी आम्हांला म्हणाले होते की ‘स्मृतिचित्रे’ हे प्रोटेस्टंटांचे पुस्तक. तोवर द्वितीय व्हॅटिकन परिषद संपून पाव शतक लोटले होते, तरी असे बोलणारे शिल्लक होते. त्या शेऱ्यामुळेच आम्ही ते ग्रंथालयातून काढून आणले आणि दिवे मालविण्याची घंटा होईपर्यंत वाचीत बसलो. रेव्हरंड टिळकांचा १८९५ सालचा बाप्तिस्मा, लक्ष्मीबाईंचा आकांत, पुढे स्वतःशी झगडत झगडत १९०० साली त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा, हे सारे आम्हांस थोडेफार ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की इतके दुःख इतक्या हसऱ्या शब्दांत सांगता येते. पुढे मृतांच्या घरी सांत्वनाला जाताना आम्हांला धर्मशास्त्राच्या वहीपेक्षा त्या बाईंचा अधिक उपयोग झाला. मोठ्यांसाठी आमची स्वतःची पहिली शिफारस हीच राहील.

आता ज्या चिठ्ठीमुळे हा लेख लिहावयास बसलो, तिच्याकडे वळतो. लहानांसाठी: ‘फास्टर फेणे’. खाली कंसात एवढेच: ‘शेवटची चार पाने वाचायची राहिली आहेत.’ नाव नाही, सही नाही. पूर्ण वाचलेले पुस्तक सुचवावे अशी अट असताना ती उघडपणे मोडणारी तेवढी एकच चिठ्ठी.

आम्ही चिठ्ठी उलटून पाहिली. मग खुर्चीत बसलो.

२००० सालच्या सुमाराची गोष्ट. दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि एका दुसऱ्या धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा चालल्या होत्या. अकराएक वर्षांचा एक मुलगा शेवटच्या बाकावर असामान्य एकाग्रतेने पुस्तकात डोके घालून बसलेला दिसला. त्याच्या भक्तिभावाने आम्ही क्षणभर सुखावलोदेखील. जवळ जाऊन पाहतो तो धर्मशिक्षणाच्या पुस्तकाच्या आत दुसरे पुस्तक. आम्ही हात पुढे केला. तो म्हणाला, “फादर, चारच पाने राहिलीत.” आम्ही म्हणालो, “आधी चौथी आज्ञा पाठ कर.” वर्ग हसला. आम्हांलाही आमचा विनोद आवडला होता, हे आज लाजत नमूद करतो.

वर्ग सुटल्यावर पुस्तक मागावयास तो आला नाही. पुढच्या रविवारी आम्ही त्याला एका संताच्या चरित्राची पातळशी पुस्तिका दिली. ती आम्ही स्वतः वाचलेली नव्हती. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, “थँक्यू फादर” म्हटले, आणि त्यानंतर त्याच्या हाती कधी पुस्तक दिसले नाही. वर्षभरात आमची बदली झाली. आमच्या ट्रंकेबरोबर ते पुस्तकही निघाले. त्यावर एका शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का होता. हरवलेल्या पुस्तकाचा भुर्दंड त्या मुलाच्या घरी कोणाला तरी पडला असणार, हे आम्हांला त्या वेळी सुचलेही नाही.

काढून घेण्याचा अधिकार आमच्यापाशी होता, याविषयी वाद नाही. वर्ग धर्मशिक्षणाचा होता. परंतु या निमित्ताने फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते आणि मान खाली जाते. १५७९ साली गोव्यास आलेले हे इंग्रज जेज्वीट. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टीत एका रविवारी दुपारी धर्मशिक्षण चालले असता एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. शिकवण उत्तम आहे, परंतु मन रमविण्यास त्या पुराणांच्या तोडीचे आम्हांला काय देणार? ज्याचे वाचन काढून घेतले गेले त्याने तोंडावर विचारलेला हा प्रश्न. स्टीफन्स यांनी त्याला दहा आज्ञा पाठ करावयास सांगितले नाही. त्याच्या भाषेत, त्याच्या ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरू, दुसऱ्यात एकोणसाठ. १६१६ साली ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला आणि तीन वर्षांनी ते निवर्तले. जुनी पुराणे बंद करण्यात न्याय होता की नाही, हा प्रश्न आज आपण निराळ्या रीतीने विचारू, आणि विचारलाही पाहिजे. पण काढून घेतलेल्याच्या जागी काय ठेवावयाचे, याचे उत्तर त्या माणसाने निम्मे आयुष्य वेचून दिले. आम्ही न वाचलेली पुस्तिका दिली.

‘ख्रिस्तपुराण’ दोनतीन चिठ्ठ्यांवर होते. सुचविणाऱ्यांना आमची पुस्ती एवढीच की नवख्याने पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. दुसऱ्या पुराणात येशूच्या बालपणापाशी उघडावे किंवा काना गावच्या लग्नापाशी, आणि मोठ्याने म्हणावे. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणलेली आवृत्ती जुन्या घरांतून क्वचित सापडते. सलेशियन फादर नेल्सन फलकाव यांची २००९ सालची आवृत्ती सोबत आजच्या मराठीतील अर्थ देते, त्यामुळे ती आजच्या वाचकाला अधिक सोपी जाईल. आमच्या कपाटासाठी आम्ही तीच मागविली आहे.

पुस्तके काढून घेण्याच्या बाबतीत पवित्र सभेचा अनुभव आमच्याहून कितीतरी मोठा आहे. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरी १८६४ पासून १९५९ पर्यंत निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत होती. ती सूचीच पुढे १९६६ साली रद्द झाली. आणि त्या कादंबरीच्या आरंभी कोण भेटतो? एक बिशप. चांदीची भांडी चोरून पळालेल्या कैद्याला शिपाई पकडून आणतात, तेव्हा हा म्हाताऱ्या बिशप मिर्येल त्याच्यापुढे चांदीच्या समया ठेवतो आणि या न्यावयाच्या राहिल्याच की, अशा अर्थाचे बोलतो. धर्मगुरू कसा असावा यावर आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली व काही दिलीही. त्या बिशपाची बरोबरी करणारे एकही आठवत नाही. मराठीत या कादंबरीची संक्षिप्त रूपांतरे आहेत. जे मिळेल ते वाचावे. आमच्या यादीतील मोठ्यांसाठीचे हे दुसरे नाव. सूचीतील बंधू आम्हांला क्षमा करोत.

लॉयोलाच्या वाड्यात जखमी इग्नेशियसने १५२१ साली शूर सरदारांच्या कथा मागितल्या होत्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतकथा त्याच्या हाती पडल्या आणि पुढचा इतिहास घडला, हे आम्ही त्या मुलाला पुस्तिका देताना मनाशी घोकीत होतो. पण इग्नेशियसच्या हातातून कोणी सरदारांच्या कथा हिसकावल्या नव्हत्या.

असो. चिठ्ठी वाचली त्या रात्री आम्ही ट्रंक उपसली. जुन्या झग्याच्या घडीखाली ते पुस्तक निघाले. कडा पिवळ्या, मुखपृष्ठ सुटे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे, फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा, पुण्याच्या शाळेत शिकणारा, सायकलीवरून भलभलत्या संकटांत शिरणारा आणि टाळूला जीभ लावून विशिष्ट आवाज काढणारा. पाव शतक तो आमच्या ट्रंकेत होता आणि आम्ही त्याचे एक पानही वाचले नव्हते. त्या रात्री सबंध वाचले. शेवटच्या चार पानांशी आलो तेव्हा मात्र थांबलो. ज्याचा हक्क आधीचा, त्याच्याआधी ती वाचणे बरे वाटेना. पाने न वाचताच पुस्तक मिटले. अकराव्या वर्षी इतका संयम एखाद्याकडून आपण कसा मागितला, याचा त्या क्षणी अंदाज आला.

तो कोण हे शोधावयास फार कष्ट पडले नाहीत. दोन वर्षांपूर्वी आमच्या हद्दीत नव्या इमारतीत राहावयास आलेले एक कुटुंब आहे. गृहस्थ डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसतो, मुलगी दुसरीत आहे. सलग दोन वर्षे आम्ही त्याच्या तळहातावर पवित्र भाकर ठेवीत आलो, आणि ओळखले नाही. त्याने मात्र पहिल्या दिवशीच ओळखले असणार.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही दारात उभे राहिलो. झग्याच्या खिशात पुस्तक मावेना, म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून हातात धरले होते. तो मुलीचा हात धरून आला. काय बोलावयाचे ते आम्ही दोन दिवस जुळवीत होतो. त्यातले एकही वाक्य आठवले नाही. नुसते पुस्तक पुढे केले. त्याने कागद सोडला, शिक्क्यावरून अंगठा फिरविला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, “माझ्या लक्षात होतं, फादर, पण तुमच्या असेल असं वाटलं नव्हतं.”

“नव्हतेच,” आम्ही म्हणालो. “तुझ्या चिठ्ठीने आणले. माझे चुकले, बाबा.”

त्यावर तो काही बोलला नाही. बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि लोक छत्र्या उघडीत होते. त्याने पुस्तकाची मागची पाने उघडली आणि तिथेच, पवित्र पाण्याच्या कुंडीशेजारी भिंतीला टेकून, उभ्या उभ्या वाचू लागला. मुलगी त्याच्या शर्टाचे टोक ओढीत राहिली. “पप्पा, चला ना घरी.”

“थांब गं,” तो मान वर न करता म्हणाला, “चारच पाने राहिलीत.”