दोन घरांची गोधडी

माजिवड्याच्या आमच्या घरी कपाटात एक जुनी गोधडी आहे. तिच्या जोडीची दुसरी इस्रायलला गेली. 1961 च्या उन्हाळ्यात आमच्या दादीने आणि शेजारच्या मावशींनी मिळून दोन्ही शिवल्या.

आम्ही भावंडे तेव्हा लहान होतो. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ चाळीत राहायचो. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी. त्यांचे पूर्वज अलिबागकडे तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बोली मराठीच. प्रार्थनाघराला त्या चक्क 'मशीद' म्हणत. 1879 साली बांधलेले त्यांचे 'शआर हाशामायिम', म्हणजे स्वर्गाचे दार, ठाण्यात आजही उभे आहे. मलिदा दोन्ही घरी व्हायचा. आमचा पोळी कुस्करून, त्यांचा पोहे आणि ओल्या नारळाचा.

युरोपातले यहुदी जीव वाचवायला पळाले होते. मावशींना इथून कुणी हुसकावले नव्हते. मुलगे इस्रायलला गेले, म्हणून त्याही निघाल्या. पाटा-वरवंटा न्यायची फार इच्छा होती, पण सामानाच्या वजनाला मर्यादा. दादी म्हणाली, "बाय, दगड राहू दे. आपण गोधडी शिवू."

मावशींची लुगडी, दादीच्या ओढण्या, आमचे ईदचे विटलेले सदरे असे थर अंथरून दोघी धावदोरा घालत बसायच्या. शनिवारी मावशी सुईला हात लावत नसत. अजान झाली की दादी उठायची. एकीचे काम थांबले म्हणून दुसरीने कधी कुरकुर केली नाही. एक गोधडी मावशींनी नेली, एक आमच्याकडे राहिली.

पुढे तिथे बेने इस्रायलींच्या यहुदीपणावरच धर्मपीठाने शंका घेतली. लग्ने अडली, आंदोलने झाली. अखेर 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्या काळात मावशींचे पत्र आले होते, "भाभी, इथे आम्हाला विचारतात, तुम्ही नक्की कोण? ठाण्यात कुणी विचारले नव्हते." दादीने ते पत्र आम्हाला दोनदा वाचायला लावले आणि डोळे पुसले.

परवा गाझाच्या बातम्या चालू असताना नातीने विचारले, "ही गोधडी त्या लोकांचीच ना? मग आपण का ठेवायची?"

आम्ही टीव्ही बंद केला. तिला सांगितले की जुलूम तो जुलूमच, त्याला जुलूम म्हणायला आपण कचरायचे नाही. 1948 मध्ये घर सोडावे लागलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांनी दाराच्या किल्ल्या अजून जपल्या आहेत. ते दुःख आपलेही आहे. पण त्याचा राग मावशींवर काढायचा नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी जिबह झाली, तेव्हा यहुदी शेजाऱ्याला वाटा पोचला का, हे त्यांनी आवर्जून विचारले होते. शेजाऱ्याचा हक्क बातम्या पाहून बदलत नाही.

नात काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गोधडीला ऊन दाखवताना एक कड उसवलेली दिसली. आमची नजर आता अधू झाली आहे. तिनेच सुई ओवून आणली आणि विचारले, "टाका कुठून सुरू करू?"