जॅझ आणि राग : काही दुर्लक्षित तबकड्या

जॅझ आणि रागसंगीत यांना एकत्र आणू पाहणाऱ्या काही मोलाच्या तबकड्या मराठी आणि कोंकणी माणसांच्या हातांनी घडल्या आहेत. तरीही आज त्या फारशा ऐकल्या जात नाहीत. जॅझच्या रसिकांना त्यात जॅझ कमी वाटतो, मैफलीच्या श्रोत्यांना त्यात भेसळ दिसते. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्यांची गत झाली. वास्तविक त्या शोधून ऐकाव्यात अशाच आहेत.

या दोन संगीतांचा मेळ सोपा नाही. जॅझमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलत जातात आणि त्या बदलांवर स्वार होऊन वादक आपला विस्तार रचतो. रागात षड्ज हलत नाही. तानपुरा तो अखंड धरून ठेवतो आणि प्रत्येक स्वराला त्याच्याशी असलेल्या नात्यातून अर्थ मिळतो. त्यामुळे दोघांना एकाच वेळी आपले सगळे राखता येत नाही, कोणाला तरी काहीतरी सोडावे लागते. कोणी काय सोडले, हे लक्षात ठेवून ऐकले की या तबकड्या उलगडू लागतात.

मुंबईत जॅझ रुजला तो ताजमहाल हॉटेलात. लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद १९३५ मध्ये तिथे आला आणि ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांच्या वृंदाने १९३६ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रण केले. गोव्याच्या वादकांनी ही कला लवकरच आपलीशी केली. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटात ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. मात्र तोवर राग आणि जॅझ बरोबरीने समोरासमोर आले नव्हते.

ती भेट लंडनमध्ये झाली. कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक आणि रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी पाच-पाच वादकांचे दोन संच एकत्र बसवले आणि १९६६ मध्ये ‘इंडो-जॅझ सूट’ प्रसिद्ध झाला. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर केशव साठे आणि तानपुऱ्यावर चंद्रहास पैंगणकर होते. मेघ आणि गौड सारंग या रागांवरच्या रचना त्यात आहेत. इथे मोठा त्याग जॅझने केला आहे. कॉर्डची ये-जा बाजूला ठेवून हॅरियट रागाच्या स्वरांत वाजवतात. मेयर यांचे लिखित भाग आणि वादकांची उपज यांच्यातला सांधा काही ठिकाणी उघडा पडतो. अशा जागी ऐकावा तो साठे यांचा तबला. दोन्ही संचांना एकाच लयीत बांधून ठेवण्याचे काम तो करतो.

साठे मुंबईचे आणि १९५०च्या दशकापासून लंडनवासी. १९६७ च्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या जर्मन तबकडीत ते पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्या मुक्त शैलीच्या त्रिकुटाबरोबर वाजवतात. ठरलेला ठेका मोडू पाहणाऱ्या वादकांशी आवर्तन मोजणाऱ्या तबल्याची गाठ इथे पडते. एकमत नेहमी होत नाही, पण त्या ओढाताणीतच या तबकडीची खरी ताकद आहे.

१९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ आली. तोडी, भैरव, मालकंस, कलावती अशा अकरा रागांवर अकरा छोट्या रचना, सतारीवर उस्ताद रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. इथे सोडले ते रागाने. संथ आलापाला या छोट्या रचनांत जागाच नाही. चित्रपटसंगीतकारांचा एक हौशी प्रयोग म्हणून ती मागे पडली. तरी थोडक्या वेळात रागाची ओळख पटवणे ही अवघड कामगिरी ती अनेकदा पार पाडते.

मुंबईत वाढलेले, मूळ गोमंतकीय गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांची वाट वेगळी होती. हॅरियट यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘हम दोनो’ (१९६९) मध्ये सतार नाही, तबला नाही. ‘बॅलड फॉर गोवा’सारख्या रचनेत भारतीयपण आहे ते केवळ गिटारच्या चालीत आणि स्वरांच्या वळणांत. नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचूनचा आवाज त्या वळणांना साथ देतो. बाहेरच्या खुणा टाकून दिल्यावर आतले संगीत किती टिकते, याची ही कसोटी आहे आणि डिसिल्वा तिला उतरतात. त्यांची ‘कोंकण डान्स’ ही तबकडी तर १९७०च्या दशकात मुद्रित होऊनही २००६ पर्यंत पडून राहिली.

सर्वांत जवळचा मेळ साधला तो तालवादक त्रिलोक गुर्टू यांच्या ‘उसफ्रेट’ने (१९८८). तिच्यात त्यांच्या आई शोभा गुर्टू गायल्या आहेत. बेळगावात १९२५ मध्ये जन्मलेल्या शोभाताईंना मेनकाबाई शिरोडकरांकडून गाण्याचा वारसा मिळाला होता आणि ठुमरीत त्यांचा अधिकार मोठा होता. डॉन चेरी यांचा ट्रम्पेट, राल्फ टाउनर यांची गिटार आणि एल. शंकर यांचे व्हायोलिन त्या आवाजाभोवती उभे राहते. आधी कॉर्ड रचून त्यावर गायिका बसवलेली आहे, असे कुठे वाटत नाही. तिचा लगाव, तिचे थांबणे यांतून पुढची हालचाल निघते. मुलाने आईचे गाणे जन्मापासून ऐकले होते, म्हणून काय सोडायचे याचा हिशेब इथे करावा लागला नसावा.

नव्या श्रोत्याने ‘रागा जॅझ स्टाइल’पासून आरंभ करावा, कारण ओळखीचे राग हात धरून नेतात. मग ‘इंडो-जॅझ सूट’, ‘हम दोनो’ आणि शेवटी ‘उसफ्रेट’. प्रत्येक तबकडी दोनदा ऐकावी, एकदा मुख्य वाद्यासाठी आणि एकदा केवळ साथीसाठी. या संगीताचे श्रेय वेष्टनावर ठळक छापलेल्या नावांइतकेच साठे आणि पैंगणकर यांच्यासारख्या साथीदारांचेही आहे, हे दुसऱ्या ऐकण्यात कळते.