मोत्याचं दूध आणि आजीची वाटी

कुत्र्याला दूध द्यावं की नाही, हा प्रश्न आमच्या बेळगावात विचारला तर समोरचा आधी मुधोळकडे बोट दाखवतो. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथली सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी शिकारी कुत्री आता भारतीय सैन्यातही गेली आहेत. ती पिढ्यान्पिढ्या दूध-भाकरीवर वाढली, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. त्यामुळे आमच्या मोत्याचं दूध बंद करायचं म्हटल्यावर बाबांचा पहिला प्रश्न तयारच होता, "मुधोळची कुत्री दूध पिऊन सशामागे धावतात, मग आपल्या मोत्यालाच काय होतंय?"

मोत्या गावठी आहे. वय सहा, वजन चौदा किलो. सशामागे धावणं दूरच, टिळकवाडीतल्या आमच्या घराच्या गच्चीवरून मांजराकडे बघून भुंकणं एवढाच त्याचा व्यायाम. वर्षभर त्याचं पोट अधूनमधून बिघडत होतं. पहाटे चारला तो दाराशी नखं घासायचा आणि घरात ज्याची झोप सावध तो त्याला घेऊन खाली धावायचा. मी घरून काम करते, त्यामुळे हा मान बहुधा मलाच मिळायचा. डॉक्टरांनी विष्ठेची तपासणी केली, जंत निघाले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय खातो?" घरी येऊन यादी केली. भात, भाकरी, अंडं, उकडलेली कोंबडी, आणि रोज सकाळी आजीच्या हातचं पेलाभर म्हशीचं दूध, वर साय.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे काही बिघडलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमकं कशानं सुधारलं ते कळत नाही. तोच नियम मी इथे लावला. बाकी सगळं तसंच ठेवलं, फक्त दूध थांबवलं आणि रोज वहीत नोंद केली. तिसऱ्या दिवशी पोट ठीक झालं. दोन आठवड्यांत पहाटेची एकही फेरी झाली नाही. मग डॉक्टरांना विचारून पुन्हा अर्धा पेला दूध दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला दाराशी नखं.

कारण डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडायला आतड्यात लॅक्टेज हा पाचकरस लागतो. पिल्लं आईचं दूध पितात तेव्हा तो भरपूर असतो, दूध सुटलं की बऱ्याच कुत्र्यांमध्ये कमी होत जातो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते, तिथले जंतू ती आंबवतात, आणि मग गॅस, गुडगुड, जुलाब. त्यातही कुत्रीच्या स्वतःच्या दुधात लॅक्टोज गाईम्हशीच्या दुधापेक्षा कमीच असतं. अर्थात सगळ्या कुत्र्यांचं सारखं नसतं. कुणाला वाटीभर दूध सहज पचतं, कुणाला दोन घोटही बाधतात. बाबांच्या मुधोळच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

भाकरीची गोष्ट मात्र निराळी आहे. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. पिठूळ अन्न पचवणारं एक जनुक लांडग्यात सहसा दोनच प्रतींत असतं, कुत्र्यांत मात्र त्याच्या चारपासून तीसपर्यंत प्रती सापडल्या. माणसाच्या चुलीशेजारी राहून कुत्रा धान्य पचवायला शिकला. म्हणजे दूध-भाकरीतली भाकरी मोत्याला लाभत होती, अडचण दुधाची होती.

इथपर्यंत सगळं वहीत बसणारं होतं. वहीत न बसणारी होती आजी.

आजी एक्याऐंशी वर्षांची आहे. आजोबांना जाऊन दीड वर्ष झालं. सकाळी त्यांचा चहा आणि मोत्याचं दूध ती एकाच वेळी करायची. चहा बंद झाला, दूध राहिलं. बाबांना मधुमेह, त्यामुळे तिचे लाडू ते खाऊ शकत नाहीत. भाऊ पुण्याला. आई आणि मी दोघीही "आजी, थोडंच वाढ" म्हणणाऱ्या. तिनं दिलेलं शेवटच्या थेंबापर्यंत चाटून खाणारा घरात एकटा मोत्याच उरला होता. दूध बंद केल्यावर ती भांडली नाही. पेला धुऊन वरच्या फळीवर पालथा घातला आणि म्हणाली, "माझ्या हातचं आता कुणालाच चालत नाही." दोन दिवस ती सकाळी स्वयंपाकघरात आलीच नाही. मोत्या मात्र रोज तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसायचा. मला त्याच्या पोटाइतकीच तिचीही काळजी वाटू लागली.

मग आईच्या लक्षात एक गोष्ट आली. आजी स्वतः कधी दूध पीत नाही. "मला दूध बाधतं" म्हणत ती आयुष्यभर ताकावर राहिली आहे. आई तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "तुम्हाला बाधतं ना, तसंच मोत्यालाही बाधतं. अगदी तेच कारण आहे." आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, मग तसं सांगायचं ना! त्याला दही चालेल की."

आणि चाललं. दही लागताना त्यातले जंतू लॅक्टोजचा काही भाग संपवतात, म्हणून दूध न पचणाऱ्यांनाही थोडं दही सोसतं. डॉक्टरांनी मोत्याला दोन लहान चमचे ठरवून दिले, साधं, साखर-मीठ न घातलेलं, भातात कालवून. पनीर करताना बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातं, त्यामुळे कधीतरी एखादा तुकडाही चालतो. आजी आता त्याच्यासाठी वेगळ्या वाटीत दही लावते आणि रोज सकाळी स्वतः भात कालवते.

साय, लोणी, रबडी, आईस्क्रीम यांची गोष्ट लॅक्टोजवर संपत नाही. तिथे चरबी आणि साखर येते. चौदा किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण ७०० ते ८०० कॅलरी लागतात आणि वरखाऊ त्यातला दहा टक्क्यांच्या आत असावा. पेलाभर म्हशीच्या दुधातच सुमारे २०० कॅलरी असतात. आमच्या गल्लीतल्या एका लॅब्रॅडॉरला लग्नघरच्या तुपकट उरल्यासुरल्यानंतर स्वादुपिंडाला सूज आली. सतत उलट्या, पोट दुखत असल्यानं पाठीची कमान, आणि तीन दिवस सलाईन. ती वाचली, पण तेव्हापासून तिला आयुष्यभराचं पथ्य आहे.

आपल्या गोडधोडात आणखी काही गोष्टी लपलेल्या असतात. खिरीतले, शिऱ्यातले मनुके आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नसतो. चॉकलेट विषारी. 'शुगर फ्री' आईस्क्रीममध्ये झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. यातलं काही पोटात गेलं तर वाट न बघता डॉक्टर गाठावेत. मसाला ताक आणि कांदा-लसूण घातलेलं रायतंही नको. आणि आमचा लाडका बेळगावी कुंदा? आटवलेलं दूध आणि साखर, तो आपणच खावा.

तुमच्या घरी कुत्रा दूध पिऊन ठणठणीत असेल, तर थोडं दूध देताना घाबरायचं कारण नाही. पोट वारंवार बिघडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग दोन आठवडे दूध थांबवून बघा. आणि घरातलं कुणी मोठं माणूस रोज हातानं भरवत असेल, तर त्यांना नुसतं "देऊ नका" म्हणू नका. काय द्यायचं तेही सांगा आणि ते काम त्यांच्याकडेच राहू द्या.

परवा पुण्याहून आलेल्या भावानं मोत्यापुढे कुंद्याचा तुकडा धरला. मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, "त्याला पथ्य आहे. दे इकडे, मी खाते."