शब्दांतले खडे

जेवताना भातात खडा लागला म्हणजे दातांची जी अवस्था होते, तीच काही शब्द ऐकले म्हणजे कित्येकांच्या कानांची होते. मौज अशी की, हा खडा ज्याचा त्याचा निराळा असतो. आमच्या घरातलेच पाहा. कोणी 'चूक' न म्हणता 'चुकी' म्हणाले की आमच्या कुटुंबाच्या कपाळाला आठी पडते. आमच्या वडील बंधूंस 'तज्ज्ञ' हा शब्द एका 'ज'ची काटकसर करून छापलेला दिसला की पुढचा मजकूर कितीही शहाणपणाचा असो, ते वर्तमानपत्र खाली ठेवतात. चिरंजीवांचे स्वतःचे मराठी काही सोवळ्यातले नाही. तरी दूरचित्रवाणीवर कोणी 'मला सांगायला आवडेल' अशी प्रस्तावना केली की, 'अरे, मग सांग ना!' म्हणून तेही त्या यंत्रावर ओरडतात. आम्हांसही आमचा खडा आहे. तो 'बसून घ्या' हा होय.

दवाखान्यात, पतपेढीत, किंबहुना जेथे म्हणून खुर्च्यांची रांग मांडलेली असते तेथे तेथे हल्ली हा शब्दप्रयोग कानी पडतो. मेजामागची मुलगी आपले नाव टिपून घेते आणि गोड आवाजात म्हणते, 'काका, बसून घ्या.' हिंदीतील 'बैठ लीजिए'ला मराठी लुगडे नेसवून हा प्रयोग आपल्याकडे आणलेला आहे, हे उघड आहे. पण मराठीत 'घेणे' हे सहायक क्रियापद मोठे मानी आहे. ते वाटेल त्या धातूच्या मागे जात नाही. 'लिहून घ्या', 'समजून घ्या', 'ऊन पडले आहे तोवर कपडे वाळवून घ्या' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या क्रियेचे फळ करणाराच्या पदरात पडावे, किंवा पुढे सवड मिळणार नाही म्हणून ती आताच उरकावी, असा काहीतरी अर्थ त्यात असतो. ह्या न्यायाने 'बसून घ्या' याचा अर्थ 'बसण्याचे काम एकदाचे हातावेगळे करा, पुढे बसावयास मिळणार नाही' असा होतो. डॉक्टरांच्या दारात दीड तास बसल्यानंतर हा अर्थ अगदीच चुकीचा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

तरी त्या मुलीवर रागावणे आम्हांस जमत नाही. नुसते 'बसा' म्हणणे तिला तुटक वाटते. वडील माणसाला आपण हुकूम करीत आहोत असे वाटू नये म्हणून ती त्या दोन अक्षरांच्या शब्दाभोवती थोडी मऊ गुंडाळी करू पाहते. गुंडाळी परक्या कापडाची आहे, पण हेतू आदराचा आहे.

असेच दुसरे दोन प्रयोग आहेत. 'माझी मदत करा' हा एक. मराठीत मदत 'मला' करावयाची असते; 'माझी मदत' म्हणजे मी दुसऱ्याला केलेली. एका विभक्तीच्या फरकाने घेणारा देणारा होतो! दुसरा 'मी त्याला बोललो' हा. मराठी माणूस दुसऱ्याला 'म्हणतो', दुसऱ्याशी 'बोलतो', आणि दुसऱ्याला 'बोलला' तर ते भांडण असते. आमच्या परिचयाच्या एका घरात नव्या सुनेने माहेरी फोन करून 'सासूबाई मला बोलल्या की दिवाळीला ये' असे सांगितले. त्यातील पहिले तीनच शब्द ऐकून तिकडच्या आजीने काळजीने फोन मुलाच्या हाती दिला होता म्हणतात.

आता ह्या चुकांवर तुटून पडणारांची बाजू आम्ही घेतली असती. परंतु ज्या शुद्ध मराठीचा ते कैवार घेतात तिच्या घरात जरा डोकावले की हात आखडतो. 'राजीनामा' ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ संमतिपत्र. आपल्या मुलखात कुळाने जमीन सोडताना सरकारास लिहून द्यावयाचा तो राजीनामा, आणि नव्या कुळाने लिहून द्यावयाची ती कबुलायत. तेथून तो शब्द नोकरी सोडण्याच्या चिठ्ठीवर येऊन बसला. 'शिकस्त' म्हणजे मुळात पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो आणि जिंकतो. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी 'अर्ज', 'दप्तर', 'कागद' आणि खुद्द 'सरकार' हे शब्द आजही आपापल्या गादीवर आहेतच. संस्कृताचीही तीच कथा. 'घृणा' म्हणजे दया हाही त्या भाषेतला अर्थ; म्हणून दयाशून्य तो निर्घृण. आपण एकाच दमात खुनाला 'निर्घृण' म्हणतो आणि 'घृणास्पद'ही म्हणतो, आणि त्या दोहोंतली घृणा एकमेकींस ओळखत नाहीत. १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा 'नाहीं' आणि 'कांहीं' लिहिण्यात ज्यांची हयात गेली होती त्यांना ते शब्द कसे उघडेबोडके दिसले असतील! आज त्यांच्याच नातवंडांना ते अनुस्वार म्हणजे कागदावर उडालेली शाई वाटते.

एका शब्दाविषयी मात्र आम्ही अजून हट्ट सोडलेला नाही. तो 'अपरोक्ष' हा. 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांआड, आणि 'अपरोक्ष' म्हणजे अर्थातच समक्ष. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या एका ग्रंथाचे नावच 'अपरोक्षानुभूति', म्हणजे प्रत्यक्ष अनुभव, असे आहे. परंतु 'माझ्या अपरोक्ष त्याने माझी निंदा केली' असे दहांतील नऊजण म्हणतात, आणि दहावा 'परोक्ष' म्हणाला तर नऊजण त्याला सुधारतात. येथे नुसता कान दुखत नाही, अर्थच बुडतो. साक्षीदाराने हा शब्द वापरला तर गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत घडली की पाठीमागे, हे समजावयास मार्ग नाही. 'पाठीमागे' हा आपला साधा शब्द असताना हे जोखीम अंगावर घ्यावे कशाला?

असो. हे सारे खडे दाताखाली लागतात, म्हणून निदान ते कळतात तरी. आमचे खरे भय निराळ्या शब्दांचे आहे. त्यांत व्याकरणाची चूक काढता येत नाही, ते कोठे टोचत नाहीत, आणि त्यांत काही नसतेही. कोणत्याही सभेस जावे. वक्ता उभा राहतो आणि 'या ठिकाणी' सुरू होते. 'या ठिकाणी मी आपले या ठिकाणी स्वागत करतो, आणि त्या ठिकाणी जे काम झाले ते या ठिकाणी आपल्यासमोर ठेवतो.' वाक्यात इतकी ठिकाणे येतात, पण काम नेमके कोणत्या ठिकाणी झाले ते कळत नाही. ह्याचा जुळा भाऊ 'च्या माध्यमातून' हा आहे. पूर्वी शाळेला माध्यम असे आणि चित्रकाराला असे. आता समितीच्या माध्यमातून निर्णय होतो, योजनेच्या माध्यमातून लाभ मिळतो, आणि लवकरच पळीच्या माध्यमातून आमटी वाढली जाईल. 'समितीने ठरविले' म्हटले तर समितीतल्या माणसांना जाब विचारता येतो. 'समितीच्या माध्यमातून ठरविण्यात आले' म्हटले की ठरविणारा कोणी उरतच नाही. निर्णय नळातून पाणी यावे तसा आपोआप येतो. आमच्या गल्लीतील फुटलेल्या गटाराविषयी आम्ही एका कार्यालयास अर्ज केला होता. उत्तर आले की, 'आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आलेला आहे.' ह्या वाक्यात एकही शब्द अशुद्ध नाही. 'कारवाई' आणि 'कार्यवाही' यांतला भेदसुद्धा त्यात कसोशीने पाळलेला आहे. गटार तसेच आहे.

गटाराचे एक वेळ चालेल, मृत्यूचे काय? 'दुःखद निधन झाले' ह्यातील 'दुःखद' कोणासाठी असते ते आम्हांस अद्याप कळलेले नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' तर आता आयती छापून मिळते. चौकातील फलकावर तीच, भ्रमणध्वनीवर तीच, दोन जोडलेले हात आणि एक गुलाब यांसह. पूर्वी घरात कोणी गेले म्हणजे कार्ड येई. तेही बरेचसे ठराविकच असे आणि ते वाचून फाडून टाकण्याची चाल होती. पण ते लिहिताना निदान एका माणसाला दौत उघडून बसावे लागे, आणि शेवटच्या ओळीत एखादे हाताचे वाक्य उतरून जाई.

आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षक राहतात. भाषेचे मोठे कडक. त्यांची अकरा वर्षांची नात परगावी इंग्रजी शाळेत शिकते. ती सुट्टीत आली की त्यांच्याशी मराठी बोलावयास जाई आणि प्रत्येक वाक्यामागे एक दुरुस्ती घेऊन परत येई. शेवटी शेवटी ती आजोबांशी इंग्रजीतच बोलू लागली, आणि आजीशी मात्र आपल्या मोडक्या मराठीत तासन्‌तास. कारण आजी दुरुस्ती करीत नसत. गेल्या पावसाळ्यात आजी गेल्या. मास्तरांच्या भ्रमणध्वनीवर भावपूर्ण श्रद्धांजलींचा ढीग पडला. त्यांनी तो आम्हांस दाखविला; शंभराहून अधिक होत्या, आणि नावे झाकली असती तर एकीला दुसरीपासून वेगळे करता आले नसते. मग त्यांनी खिशातून वहीचा एक कागद काढला. नातीने पाठविला होता. त्यात लिहिले होते : 'आजोबा, माझी परीक्षा झाली की मी येऊन तुमची मदत करीन. तोपर्यंत तुम्ही रडून घ्या.'

आम्ही काही बोललो नाही. मास्तरच थोड्या वेळाने म्हणाले, 'तुमची मदत हे चुकले आहे. तुम्हांला मदत पाहिजे. पण रडून घ्या हे बरोबर आहे.' आणि त्यांनी तो कागद घडी करून पुन्हा खिशात ठेवला.

ठराविक शब्द सगळेच निर्जीव असतात असे आमचे म्हणणे नाही. घरातून निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणावयाचे. हे शब्द किती पिढ्यांच्या तोंडून गेले असतील, तरी ते कोणाच्या कानाला खुपत नाहीत. म्हाताऱ्या माणसाने उंबऱ्यातून 'येतो' म्हटले की घरातले माणूस अजूनही क्षणभर हातातले काम थांबविते. पंगतीत यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणत ओळीने फिरत असे. तो चार शब्दांचाही मजकूर नव्हे आणि प्रत्येकाला तोच. तरी तो ऐकल्याशिवाय जेवणारास हात सैल सोडून जेवता येत नसे. हल्ली कार्यालयांतून पंगती उठल्या आहेत. हाती बशी घेऊन रांगेत उभे राहावयाचे, आणि दारातच यजमान सांगतात, 'जेवून घ्या.' व्याकरणदृष्ट्या ह्या प्रयोगाला नाव ठेवावयास जागा नाही. 'सावकाश होऊ द्या' त्यांनी म्हणावे तरी कसे? मागे पन्नास माणसे रिकाम्या बशा घेऊन उभी असतात.